राजकीय देणगी आणि उघडी वही

मंदिरातील बोलीची रक्कम सर्वांसमक्ष पुकारली जाते आणि दात्याच्या नावासह वहीत लिहिली जाते. त्याच मंदिरात गुप्तदानाची पेटीही असते. तीत कोणी किती टाकले हे कोणी विचारत नाही. समाजाने या दोन्ही प्रथा सारख्याच आदराने जपल्या आहेत. गुप्तदानाला मान मिळतो तो मात्र एका अटीवर. दान देणाऱ्याला त्याच्या बदल्यात कोणाकडूनही काही मिळवायचे नसते, आणि दान घेणाऱ्याच्या हातात परत देण्यासारखे काही नसते.

राजकीय देणगीत ही अट पाळली जाईल याची खात्री कोणी देऊ शकत नाही. निवडून येणाऱ्याच्या हातात परवाने, कंत्राटे, जमिनीचे आरक्षण, कराचे दर आणि चौकशीचे अधिकार असतात. म्हणून जी गुप्तता धर्मकार्यात पुण्याची मानली जाते, तीच निवडणुकीच्या निधीत संशयाला जागा करून देते. निवडणूक जवळ आली की बाजारपेठेतील पेढ्यांवर कार्यकर्त्यांच्या फेऱ्या सुरू होतात. नकार देणे अवघड असते, होकार देणेही सोपे नसते. आणि दिलेली रक्कम कोणत्या खात्यावर, कोणाच्या नावे लिहावी हा प्रश्न घरातील मोठ्यांपासून हिशेबनिसांपर्यंत सर्वांना पडतो. या प्रश्नाला आपल्या देशात सुमारे सत्तर वर्षांचा इतिहास आहे आणि त्याची सुरुवात मुंबईतच झाली.

मुंबईतील खटला

१९५७ साली टाटा आयर्न अँड स्टील कंपनीने आपल्या घटनापत्रकात बदल करण्याची परवानगी न्यायालयाकडे मागितली. राजकीय पक्षांना निधी देण्याचा अधिकार कंपनीला हवा होता. एका भागधारकाने त्यास हरकत घेतली आणि प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांच्यापुढे आले. कायद्यात अशा देणगीला मनाई नसल्यामुळे न्यायालयाने कंपनीच्या बाजूने निकाल दिला. परंतु निकाल देताना छागलांनी आपली अस्वस्थता लपवली नाही. कंपन्यांच्या पैशावर पक्ष चालू लागले तर लोकशाहीचा उगमच गढूळ होण्याचा धोका आहे आणि हा धोका वाढत जाईल, असा इशारा देऊन त्यांनी संसदेचे लक्ष या विषयाकडे वेधले.

व्यापाऱ्याने स्वतःच्या कमाईतून आपल्या आवडीच्या पक्षाला मदत करणे आणि कंपनीने मदत करणे यांत मूलभूत अंतर आहे. पहिल्या बाबतीत पैसा त्याचा आणि मतही त्याचे असते. कंपनीचा पैसा सर्व भागधारकांचा असतो. त्यांपैकी कोणी एका पक्षाचा, कोणी दुसऱ्याचा, कोणी कशाचाच नसतो. खाजगी मर्यादित कंपनीत चुलत भावंडे, सुना, जावई भागधारक असतात, तेथेही हे अंतर पुसले जात नाही. एका भावाच्या राजकीय मैत्रीची किंमत दुसऱ्या भावाच्या लाभांशातून वळती होत असेल, तर निदान त्याला ते ठाऊक असले पाहिजे. देणगी जाहीर करण्याच्या नियमामागील पहिले कारण हेच आहे. दुसरे कारण मतदाराचे आहे: ज्याला आपण मत देतो त्याच्यामागे कोणाचा पैसा उभा आहे हे कळल्याशिवाय मत पूर्ण विचाराने देता येत नाही.

संसदेने १९६० साली कंपनी कायद्यात दुरुस्ती केली. देणगीची कमाल मर्यादा २५,००० रुपये किंवा मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या ५ टक्के, यांपैकी जी अधिक असेल ती, अशी ठरली आणि रक्कम हिशेबात दाखवणे बंधनकारक झाले. पुढे संथानम समितीने कंपन्यांच्या देणग्यांवर पूर्ण बंदीची शिफारस केली आणि १९६९ साली तशी बंदी आलीही. परंतु निवडणुकांचा खर्च थांबला नाही. चेकने उघड जाणारा पैसा रोखीने, हिशेबाबाहेरून जाऊ लागला. १९८५ साली संसदेने बंदी उठवली व ५ टक्क्यांची मर्यादा, संचालक मंडळाचा ठराव आणि हिशेबात नोंद या अटी घातल्या. २००३ साली अशा देणगीवर आयकरात वजावट मिळू लागली आणि २०,००० रुपयांवरील देणग्यांचा तपशील पक्षांनी निवडणूक आयोगाला कळवावा असा नियम झाला. २०१३ च्या कंपनी कायद्याने मर्यादा साडेसात टक्क्यांवर नेली. या साऱ्या वाटचालीतून एक गोष्ट दिसते. नुसत्या बंदीने पैसा थांबत नाही, तो अंधारात जातो. आणि नुसत्या परवानगीने तो उजेडात येत नाही, त्यासाठी नाव लिहिण्याची सक्ती लागते.

मिनेसोटातील दुकान

नाव उघड झाल्याने काय घडू शकते याचे एक बोलके उदाहरण अमेरिकेतील मिनेसोटा राज्याचे आहे. व्यापारी घराण्यांना ते विशेष जवळचे वाटेल, कारण ते एका दुकानाचेच आहे. जॉर्ज डेटन यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी मिनियापोलिस शहरात कापड आणि घरगुती मालाची पेढी उभी केली. पुढील पिढ्यांनी ती वाढवली आणि १९६२ साली स्वस्त दराच्या दुकानांची ‘टार्गेट’ नावाची शाखा काढली. ती इतकी फोफावली की २००० साली मूळ कंपनीनेच ते नाव घेतले. तोपर्यंत कारभार घराण्याच्या हातून व्यावसायिक व्यवस्थापकांकडे गेला होता.

जानेवारी २०१० मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने कंपन्यांना निवडणूक प्रचारावर स्वतंत्रपणे खर्च करण्यास मोकळीक दिली. उमेदवाराच्या हातात थेट पैसे देण्यास मिनेसोटात कंपन्यांना मनाई होती. परंतु उमेदवारापासून अलग राहून त्याच्या बाजूने जाहिराती करणाऱ्या गटाला पैसे देणे आता शक्य झाले. राज्याच्या विधिमंडळाने त्याच वर्षी कायदा करून अशा खर्चाची माहिती जाहीर करणे आवश्यक ठरवले. न्यायालयाने दार उघडले होते, राज्याने त्या दारात दिवा लावला.

गव्हर्नरपदाच्या निवडणुकीत टार्गेटने व्यापारी वर्गाच्या पाठिंब्याने निघालेल्या ‘मिनेसोटा फॉरवर्ड’ नावाच्या गटाला १,५०,००० डॉलर दिले. हा गट रिपब्लिकन पक्षाचे टॉम एमर यांच्या जाहिराती करीत होता. कंपनीचा हेतू व्यापारी होता. कर आणि रोजगार यांबाबतची एमर यांची भूमिका उद्योगांना अनुकूल होती. परंतु उमेदवार हा एकाच धोरणाचा गठ्ठा नसतो. एमर समलिंगी विवाहाच्या विरोधात होते आणि टार्गेटने अशा कर्मचाऱ्यांना समान वागणूक देणारी कंपनी म्हणून आपले नाव वर्षानुवर्षे जपले होते. देणगीची नोंद सार्वजनिक होताच कर्मचारी नाराज झाले, गिऱ्हाइकांनी दुकानांवर बहिष्काराची भाषा केली. ऑगस्ट २०१० मध्ये कंपनीचे प्रमुख ग्रेग स्टाइनहाफेल यांनी कर्मचाऱ्यांना पत्र लिहून दिलगिरी व्यक्त केली आणि अशा देणग्यांचे निर्णय कसे घेतले जातात याचा फेरविचार करण्याचे आश्वासन दिले.

त्याच महिन्यात डेमोक्रॅटिक पक्षाची उमेदवारी मार्क डेटन यांना मिळाली. ते पेढीच्या संस्थापकांचे पणतू. ज्या घराण्याने दुकान उभे केले, त्याच्या वारसाच्या प्रतिस्पर्ध्यासाठी त्या दुकानाचा पैसा खर्च झाला होता. सुमारे एकवीस लाख मतांच्या त्या निवडणुकीत डेटन नऊ हजारांहून कमी मताधिक्याने विजयी झाले आणि फेरमोजणीनंतर एमर यांनी पराभव मान्य केला.

या प्रसंगात कोणताही कायदा मोडला गेला नव्हता. लाच नव्हती, लपवाछपवी नव्हती. तरीही कंपनीला माघार घ्यावी लागली, कारण जाहीर नोंदीमुळे गिऱ्हाईक, नोकर आणि भागधारक यांना आपले मत सांगता आले. प्रकटीकरणाचे काम शिक्षा करणे हे नसते. ज्यांचा संबंध आहे त्यांना वेळेवर माहिती मिळावी, एवढेच ते करते. बाकीचे काम समाज करतो.

निनावी रोखे आणि त्यांचा शेवट

भारताने २०१७ साली याच्या नेमकी उलट दिशा धरली. त्या वर्षीच्या वित्त कायद्याने कंपन्यांवरील साडेसात टक्क्यांची मर्यादा काढून टाकली आणि कोणत्या पक्षाला देणगी दिली ते हिशेबात दाखवण्याची गरजही उरली नाही. जानेवारी २०१८ मध्ये निवडणूक रोख्यांची योजना अधिसूचित झाली. स्टेट बँकेतून १,००० रुपयांपासून १ कोटीपर्यंतचे रोखे विकत घ्यावेत, आवडीच्या पक्षाला द्यावेत आणि पक्षाने ते पंधरा दिवसांत वटवावेत, अशी ही पद्धत होती. रोख्यावर दात्याचे नाव नसे.

योजनेच्या समर्थनार्थ मांडलेला मुद्दा व्यापाऱ्यांना पटण्यासारखा होता आणि तो खोटाही नव्हता. एका पक्षाला चेकने देणगी दिली आणि दुसरा पक्ष सत्तेवर आला, तर सूड उगवला जाण्याची भीती असते. नाव गुप्त राहिले तर लोक रोखीऐवजी बँकेतून पैसे देतील, असा त्यामागे विचार होता. उणीव अशी होती की गुप्तता सर्वांसाठी सारखी नव्हती. रोखे विकणारी बँक सरकारी होती आणि तिच्याकडे नोंदी होत्या. देणाऱ्याला आणि घेणाऱ्याला एकमेकांची ओळख सांगण्यापासून कोणीही रोखू शकत नव्हते. अंधारात राहिला तो फक्त मतदार आणि भागधारक.

१५ फेब्रुवारी २०२४ रोजी सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने एकमताने ही योजना घटनाबाह्य ठरवली. राजकीय मताची गोपनीयता न्यायालयाने नाकारली नाही. सामान्य माणसाची देणगी ही त्याच्या मताची अभिव्यक्ती असू शकते, हे मान्य केले. परंतु कंपनीची देणगी ही मुख्यतः परताव्याच्या अपेक्षेने केलेला व्यवहार असतो, तिला व्यक्तीच्या देणगीसारखेच वागवणे योग्य नाही, असे न्यायालयाने म्हटले. अमर्याद देणगीची मुभा आणि पक्षाचे नाव लपवण्याची सवलत, दोन्ही दुरुस्त्या रद्द झाल्या.

स्टेट बँकेने तपशील देण्यासाठी ३० जूनपर्यंत मुदत मागितली. न्यायालयाने ती ११ मार्चला नाकारली आणि दुसऱ्याच दिवशी माहिती देण्यास सांगितले. १४ मार्चच्या संध्याकाळी निवडणूक आयोगाने याद्या प्रसिद्ध केल्या. योजनेच्या काळात एकूण १६,००० कोटी रुपयांहून अधिक किमतीचे रोखे विकले गेले होते. उपलब्ध तपशिलात सर्वांत मोठा खरेदीदार लॉटरीच्या व्यवसायातील एक कंपनी होती. तिने १,३६८ कोटींचे रोखे घेतले होते. काही कंपन्यांनी आपल्या नफ्यापेक्षा मोठ्या रकमा दिल्या होत्या, काहींवर त्याच काळात तपास यंत्रणांच्या कारवाया झाल्या होत्या. एवढ्यावरून प्रत्येक देणगीमागे सौदा होता असे सिद्ध होत नाही. विशेष तपास पथक नेमण्याची मागणीही न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये फेटाळली. परंतु ज्यांनी गुप्ततेच्या भरवशावर रोखे घेतले, त्यांची नावे एका संध्याकाळी देशभर वाचली गेली. प्रामाणिक हेतूने देणारा आणि सौदा करणारा एकाच यादीत, एकाच संशयाखाली आले. वेळच्या वेळी, थोडे थोडे उघड होत गेले असते तर प्रामाणिक दात्यावर ही पाळी आली नसती.

पेढीने काय पाहावे

आज कंपनीला देणगी द्यायची असेल तर मार्ग स्पष्ट आहे. सरकारी कंपनीला देणगी देता येत नाही. तीन आर्थिक वर्षे पूर्ण न झालेल्या कंपनीलाही नाही. मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या साडेसात टक्क्यांहून अधिक रक्कम देता येत नाही. संचालक मंडळाच्या बैठकीत ठराव व्हावा लागतो. वडीलधाऱ्यांनी फोनवर दिलेला होकार त्यासाठी पुरेसा नाही. रक्कम आणि पक्षाचे नाव नफा-तोटा पत्रकात दाखवावे लागते. पैसे चेकने, ड्राफ्टने किंवा बँकेतून इलेक्ट्रॉनिक पद्धतीनेच जावे लागतात. नियम मोडल्यास देणगीच्या पाचपटीपर्यंत दंड होऊ शकतो आणि जबाबदार अधिकाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैदही.

भागीदारी पेढ्यांना कंपनी कायद्याच्या या अटी लागू नाहीत. तरीही सर्व भागीदारांची लेखी संमती घेऊन नोंद करणे हे जुन्या वहीच्या शिस्तीला धरूनच होईल. आयकरातील वजावट नोंदणीकृत पक्षाला किंवा निवडणूक न्यासाला बँकेतून दिलेल्या रकमेवरच मिळू शकते. रोखीवर मिळत नाही. एखाद्या अपक्ष उमेदवाराला दिलेल्या पैशावर ती मिळत नाही. कमी दराची नवी करपद्धती स्वीकारलेल्या कंपन्यांनाही ती नसते.

विधानसभेच्या उमेदवाराला मदत करताना आणखी एक बाजू लक्षात घ्यावी लागते. महाराष्ट्रासारख्या मोठ्या राज्यात उमेदवाराच्या खर्चाची मर्यादा ४० लाख रुपये आहे आणि निकालानंतर ३० दिवसांत त्याला हिशेब सादर करावा लागतो. पेढीने प्रचारासाठी टेम्पो दिला, गोदाम वापरू दिले, पत्रके छापून दिली किंवा कार्यकर्त्यांच्या जेवणाचा खर्च उचलला, तर त्याची बाजारभावाने होणारी किंमतही त्या हिशेबात यावी लागते. उमेदवाराच्या लेखी अनुमतीवाचून त्याच्या प्रचारावर खर्च करणे हा भारतीय न्याय संहितेखाली गुन्हा आहे. पैसे दिले नाहीत, फक्त गाडी दिली, असे म्हणून ही जबाबदारी टळत नाही.

सर्वांत मोठा सापळा मात्र वेगळाच आहे. काही मध्यस्थ एखाद्या अनोळखी नोंदणीकृत पक्षाचे पावतीपुस्तक घेऊन येतात. चेकने देणगी घ्यायची, काही टक्के कापून उरलेली रक्कम रोखीने परत करायची आणि दात्याने आयकरात पूर्ण वजावट मागायची, असा हा धंदा आहे. जुलै २०२५ मध्ये आयकर विभागाने अशा बनावट वजावटींविरुद्ध देशभर तपासणी मोहीम घेतली आणि ऑगस्टमध्ये निवडणूक आयोगाने ३३४ निष्क्रिय पक्षांना यादीतून वगळले. सर्व जण करतात या समजुतीने ज्यांनी अशा पावत्या घेतल्या, त्यांना कर, व्याज आणि दंड यांना सामोरे जावे लागू शकते. येथे देणगीच झालेली नसते. झालेले असते ते असत्य कथन, आणि त्यावर सही असते घरच्या कर्त्या माणसाची.

दबावाचा प्रश्न यानंतरही उरतोच. सत्ताधाऱ्याचा माणूस दारात उभा असताना नियमांची यादी वाचून दाखवणे प्रत्येकाला जमत नाही. परंतु लेखी नियम हीच अशा वेळी छोट्या पेढीची ढाल ठरते. देणगी फक्त बँकेतून, फक्त पक्षाच्या नावे, ठरावानंतर आणि ठरलेल्या मर्यादेतच दिली जाईल, असे धोरण निवडणुकीपूर्वीच लिहून ठेवले असेल, तर मागणाऱ्याला दिलेले उत्तर व्यक्तिगत नकार ठरत नाही. सर्व पक्षांना एकच उत्तर मिळते आणि कोणाचाही विशेष राग ओढवत नाही. ज्यांना एका पक्षाशी थेट नाते नको असेल त्यांच्यासाठी २०१३ पासूनची निवडणूक न्यासांची व्यवस्था आहे. न्यासाला मिळालेल्या रकमेपैकी किमान ९५ टक्के रक्कम पक्षांना वाटावी लागते आणि आपले देणारे व घेणारे जाहीर करावे लागतात.

देणगी द्यावी की नाही, हा प्रत्येक घराचा स्वतंत्र निर्णय आहे. न देणे हाही तितकाच सन्मान्य निर्णय असतो. परंतु द्यायची झाल्यास संचालकांनी एक कसोटी आधी लावून पाहावी. ही नोंद उद्या आपल्या भागधारकाने, गिऱ्हाइकाने आणि पुढच्या पिढीने वाचली, तर तिचे कारण त्यांना सरळ शब्दांत सांगता येईल का? उत्तर होकारार्थी असेल तर चेक लिहावा. नसेल तर तो लिहिण्यापूर्वीच वही मिटावी.